अक्काचा हातगुण

मी लॅबमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा अक्का सिंकशी भांडत होती. नळाचा वायसर गेला होता, पाणी थांबत नव्हतं, आणि दोन्ही हातांत धुतलेल्या काचेच्या नळ्या असल्यामुळे तिला नळ पिळता येत नव्हता. मी पुढे होऊन तो बंद केला. "नवी का?" ती म्हणाली. "बरं झालं. आठ वर्षं मी याला कोपराने बंद करतेय."

आठ वर्षं हा आकडा ऐकून मला वाटलं, ही इथली कायमची नोकरदार असणार. तसं नव्हतं. ती माझ्यासारखीच पीएचडीची विद्यार्थिनी होती. वय चौतीस. तिच्यानंतर आलेले सगळे तिच्याहून लहान, आणि ते तिच्या आधी पदवी घेऊन निघून गेलेले, म्हणून ती सगळ्यांची अक्का. आमचे मार्गदर्शक सर तिला अक्का म्हणायचे, झाडूवाल्या बाई म्हणायच्या, आणि एकदा तिच्या नवऱ्याचा फोन लॅबमध्ये आला तेव्हा तोही चुकून "अक्का आहे का?" असं विचारून बसला होता. त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. मातीत जिवाणू असतात, त्यांतले काही झाडांच्या मुळांशी घरोबा करतात, आणि त्या घरोब्यातून झाडाचं काय भलं होतं ते बघायचं. खारवट मातीत घेवड्याचं रोप पंधरा-वीस दिवसांत पिवळं पडतं आणि मान टाकतं. सरांनी फार पूर्वी अशाच मातीतून शंभरेक जिवाणू वेगळे काढले होते, त्यांतला एक्केचाळीस नंबरचा रोपाला तगवतो, असा त्यांचा दावा. बी पेरताना त्यावर एक्केचाळीसचे दोन थेंब सोडायचे, की रोप चाळीस दिवस हिरवंगार. अक्काच्या प्रबंधाच्या मथळ्यातच एक्केचाळीस होता. सरांचं अर्धं नाव त्यावर उभं होतं.

फक्त एक भानगड होती. हे अक्काच्याच हातून व्हायचं.

इतर कोणी केलं की रोपं पिवळी. जिवाणू तोच, माती तीच, बी त्याच पिशवीतलं. सर पाहुण्यांना काचघरात घेऊन जायचे आणि अक्काच्या कुंड्या दाखवून म्हणायचे, "हिच्या हाताला गुण आहे." पाहुणे हसायचे, अक्का हसायची, आणि पाहुणे गेले की सिंकपाशी जाऊन चंबू असे आपटत धुवायची की एखादा फुटतो का म्हणून आम्ही कान देऊन बसायचो. वैद्याच्या हाताला गुण असतो, बायका लोणचं घालतात त्यांच्या हाताला असतो. प्रयोगाला हातगुण म्हणजे शिवी आहे. कोणाच्याही हातून येतो तोच प्रयोग, हे सर स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे. पण डोळ्यांसमोर हिरवी रोपं असली की माणसाला फळा आठवत नाही.

तर हा हातगुणच तिच्या पायातली बेडी झाला होता. विद्यापीठाचा नियम असा की एक तरी पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत. अक्काचा पेपर परत आला होता, आणि परीक्षकांनी एकच अट घातली होती: हाच निकाल दुसऱ्या कोणाच्या हातून दाखवा. आधीच्या दोघांनी करून बघितलं. दोघांची रोपं मेली. दोघंही विषय बदलून सुटले. तिसरी मी. मी आले तेव्हा अक्काला दोनदा मिळालेली मुदतवाढ संपायला सात महिने उरले होते. त्यानंतर नोंदणी रद्द, आणि आठ वर्षं पाण्यात.

पहिली पेरणी मी अक्काच्या देखरेखीखाली केली. ती माझ्या पाठीमागे उभी राहायची आणि तोंडाचा पट्टा चालू. बी चिमट्यात असं धरतेस जसं काही चावणार आहे. अगं, रोपाला पाणी घालतेस की आंघोळ? मला राग यायचा, पण तिचं चुकत नसे. दर दोन दिवसांनी एकेक कुंडी वजनकाट्यावर ठेवून, जेवढं पाणी उडून गेलं तेवढंच मोजून घालायचं, हे तिनेच मला शिकवलं. कुंड्यांना सुट्टी कळत नाही, म्हणून तिलाही सुट्टी नव्हती. नवरा आणि पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी, मुलीला सासूबाई सांभाळत. महिना-दीड महिन्यातून एक रात्र जाऊन यायची. मुलीचे दुधाचे दात पडायला लागले ते तिला फोटोत कळलं. शाळेत कोणी विचारलं तर मुलगी सांगायची, माझी आई झाडांना शिकवते, झाडं नापास होतात म्हणून तिला घरी येता येत नाही. हे सांगताना अक्का खूप हसली होती आणि मग उगीचच माझ्यावर ओरडली होती.

माझी रोपं सतराव्या दिवशी पिवळी पडायला लागली.

दुसरी पेरणी. पुन्हा तेच. सर म्हणाले, तू घाई करतेस. मी घाई करत नव्हते. मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते. मला अक्काच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना, कारण माझ्या पिवळ्या कुंड्या म्हणजे तिचे गेलेले ऐंशी दिवस होते. ती मात्र त्या दिवशी ओरडली नाही. आम्ही दोघी काचघराच्या पायरीवर बसलो होतो, आणि ती म्हणाली, "सर वाईट असते तर किती बरं झालं असतं. मी भांडून तरी निघून गेले असते." मग म्हणाली की आधी नवरा दर फोनला विचारायचा, कधी संपणार. गेलं वर्षभर त्याने विचारणं बंद केलंय. ते जास्त लागतं.

तिसऱ्या वेळी तिने ठरवलं की आपण शेजारी शेजारी बसून पेरायचं. एक कृती तिने करायची, लगेच तीच मी करायची, बघू घोडं कुठे पेंड खातंय ते. आधीचे जिवाणू मरावेत म्हणून माती दोनदा वाफवलेली होती. मोठ्या उभ्या यंत्रात, ज्याला लॅबमध्ये सगळे कुकरच म्हणतात. बी तिने औषधाच्या पाण्यात धुतलं, मीही धुतलं. तिने कुंडी भरली, मी भरली. मग बियासाठी मातीत भोक पाडायची वेळ आली. मी कुकरमधून काढलेल्या पुडक्यातली काचेची कांडी घेतली. तिने अंबाड्यातली बांबूची काडी काढली.

आणि ती थांबली.

काडीकडे बघत राहिली, माझ्या कांडीकडे बघितलं, काडी पुन्हा अंबाड्यात खोचली, आणि डोकं दुखतंय म्हणून खोलीवर निघून गेली. पेरणी अर्धी टाकून. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सरांना मी सांगितलं की अक्काला बरं वाटत नाही, आणि ती पेरणी मोडून टाकली.

पुढचे चाळीस दिवस ती लॅबमध्ये यायची, पण कामात लक्ष नसायचं. मला वाटलं, बाई खचली. मुदतीला उणेपुरे तीन महिने राहिले असताना एका दुपारी ती मला म्हणाली, धाकटे, चल माझ्या खोलीवर.

तिची भाड्याची खोली लॅबपासून दहा मिनिटांवर, समोर कपडे इस्त्री करणाऱ्याचं दुकान, आणि एकच खिडकी. त्या खिडकीत फळीवर आठ छोट्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या होत्या. चार पिवळ्या, चार हिरव्या. पिवळ्यांत तिने एक्केचाळीसचे थेंब सोडले होते, पण भोक काचेच्या कांडीने पाडलं होतं. हिरव्यांत ते थेंब सोडलेच नव्हते. त्यांत नुसती काडी खुपसली होती.

मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून तिने एक प्लेट समोर धरली. बशीएवढ्या त्या काचेच्या प्लेटमध्ये जिवाणूंचं खाद्य ओतून, त्यावर काडीचं टोक टेकवून तिने ती दोन दिवस ठेवली होती. एक्केचाळीस पांढरा वाढतो. या प्लेटवर पांढऱ्याच्या बाजूला पिवळसर, चकचकीत असे ठिपके उठले होते. कधी न पाहिलेले.

"हा पाहुणा," अक्का म्हणाली. "आठ वर्षं सगळं हाच करतोय. आणि आपण आरती त्या दगडाची करतोय."

झालं होतं ते असं. पहिल्या वर्षी तिने लॅबच्या मागच्या अंगणातली माती आणून एक कुंडी भरली होती, आणि काडी कामाच्या वेळी अंबाड्यात आणि एरवी त्या कुंडीत खोचून ठेवायची. ती माती कधी वाफवली नव्हती, पाहुणा तिथला. तुलनेसाठी ठेवलेल्या, जिवाणू न घातलेल्या कुंड्यांना ती दर वेळी नवी, वाफवलेली काचेची कांडी वापरायची, कारण एक्केचाळीस चुकून तिकडे जायला नको. काडी फक्त एक्केचाळीसच्या कुंड्यांसाठी. ती वाफवायची कशाला? लागलं तर एक्केचाळीसच लागेल ना! इतका नीट विचार होता तो. दुसरी कोणी वेंधळी असती, सगळीकडे तीच काडी खुपसत गेली असती, तर सगळीच रोपं हिरवी झाली असती आणि पहिल्या वर्षीच काहीतरी चुकतंय हे कळलं असतं. अक्काच्या काटेकोरपणानेच अक्काचा घात केला. आणि आम्ही सगळे हातगुण कुठे आहे म्हणून शोधत होतो, तो तिच्या डोक्यावरच होता. काखेत कळसा म्हणतात ते काय वेगळं असतं!

मी मूर्खासारखी म्हणाले की अगं, हा तर मोठाच शोध आहे, सरांना सांगू या. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"सांगू या की. सर खूश होतील. म्हणतील, पाहुण्यावर काम सुरू कर. मथळा बदलायचा म्हणजे नवी नोंदणी, म्हणजे आणखी चार वर्षं. माझी मुलगी तोवर दहा वर्षांची होईल." मग म्हणाली, "मला खोटं लिहायचं नाहीये गं. मला फक्त घरी जायचंय."

तिने काडी काढून पलंगावर आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली.

"अजून एका पेरणीपुरती मुदत आहे. तू या काडीने भोकं पाडलीस तर रोपं हिरवी येतील. पेपर जाईल, प्रबंध जाईल, मी जाईन. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. खरंच नाही."

तिच्यावर माझं प्रेम होतं, म्हणून मी काडी घेतली, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण त्या पेपरवर दुसरं नाव माझं असणार होतं, आणि दोन पेरण्या मारलेली मुलगी म्हणून सगळे माझ्याकडे बघतात याची मला लाज वाटत होती, हेही तितकंच खरं आहे.

मी पेरलं त्या दिवशी अक्का लॅबमध्ये आली नाही. खाली बाकावर बसून राहिली. विसाव्या दिवशी सर काचघरात आले आणि माझ्या हिरव्या कुंड्यांपुढे वाकून बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांची सगळी शंका त्या माणसाच्या मनातून एका क्षणात धुतली गेली, आणि ती धुवायला मी घाण पाणी वापरलं होतं. "हिच्याही हाताला गुण आहे," ते म्हणाले. मी हसले. सिंकपाशी गेले तर हातातला चंबू मीही आपटलाच.

पेपर छापला गेला. अक्का मुदतीच्या आत सुटली, पदवी घेतली, आणि नवऱ्याच्या गावी एका बियाण्यांच्या कंपनीत तपासणी विभागात लागली. पदवी होती म्हणून लागली. जायच्या दिवशी ती काडी मोडणार होती. मीच मोडू दिली नाही. पुढच्या पेरणीला ती मला लागणार होती.

कारण सरांनी माझ्या प्रबंधाचा विषय काय दिला असेल? एक्केचाळीस, भाग दुसरा.

तीन वर्षं मी ते केलं. पाहुणे आले की सर मला बोलावून घ्यायचे. नव्या आलेल्या मुलीची रोपं पिवळी पडायची, आणि ती माझ्याकडे बघायची तशी मी एकेकाळी अक्काकडे बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. गप्प राहावं तर माझाही प्रबंध खोटा, आणि तोंड उघडावं तर अक्काची पदवी जाणार, पदवीबरोबर नोकरी. मुलगी शाळेतून आल्यावर आई घरी असते, हे आता कुठे सुरू झालं होतं. सुरुवातीला अक्का दर आठवड्याला फोन करायची. मुलीचं सांगायची, नवरा आता उलट कटकट करतो असं लाडाने सांगायची. लॅबचं विचारायची नाही. मीही सांगत नसे. दोघींनाही माहीत असलेली एकच गोष्ट बोलायची नाही म्हटल्यावर बाकीचं बोलणंही हळूहळू आटतं. फोन महिन्यावर गेला, मग सणावाराच्या शुभेच्छांवर. मला तिचा राग यायचा. स्वतः सुटली आणि मला जागेवर बसवून गेली, असं मनात यायचं, आणि लगेच आठवायचं की काडी मी उचलली होती.

यंदा सरांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं. त्यांच्या मनात आलं की एक्केचाळीस शेतांपर्यंत पोचावा, आणि त्यांनी तो बियाण्यांना लावण्यासाठी एका कंपनीकडे चाचणीला पाठवला. कोणत्या कंपनीकडे ते त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. आपलीच अक्का आहे तिथे, म्हणाले. घरचंच कार्य.

दोन महिन्यांनी अहवाल आला. सरांनी मला खोलीत बोलावलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तीन प्रकारची खारवट माती, प्रत्येकी साठ कुंड्या. एक्केचाळीसचा कोणताही परिणाम नाही. वापरास अयोग्य. खाली अक्काची सही, आणि सहीखाली टाइप केलेल्या नावाच्या आधी पेनाने लिहिलेलं "डॉ."

सर चिडले नव्हते. ते समजुतीने बोलत होते. म्हणाले, तिथली माती वेगळी असेल, तिचा सराव सुटला असेल, तीन वर्षं झाली. "तू जा," म्हणाले, "आणि तुझ्या हाताने त्यांना करून दाखव. तिलाही बरं वाटेल."

अहवाल माझ्या हातात होता. तिने काय केलंय ते मला वाचताक्षणीच कळलं होतं. साठ गुणिले तीन कुंड्या तिने पेरल्या होत्या, काचेच्या कांडीने, आणि जे आलं ते लिहिलं होतं. एवढं लिहिल्यावर पुढचं माझ्यावर होतं.

"सर, मी करून दाखवलं तर येईल," मी म्हणाले. "पण ते एक्केचाळीसमुळे येत नाही. कधीच येत नव्हतं."

आणि मग मी सगळं सांगितलं. अंगणातली माती, काडी, खिडकीतल्या आठ कुंड्या, माझी पेरणी. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त एकदा विचारलं, अक्काला कधीपासून माहीत होतं. मी खरं तेच सांगितलं, की पेपर छापायच्या आधीपासून, आणि मलाही. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर मला हवंच होतं.

"आठ वर्षं ती आणि तीन वर्षं तू," ते म्हणाले. "एवढ्यात मी एकदाही पेरणीला येऊन उभा राहिलो नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, सावकाश, वर्गात शिकवतात तसं. पेपर मागे घ्यावा लागेल, तसं पत्र ते आजच लिहितील. विद्यापीठाला कळवावं लागेल. अक्काची पदवी राहते की जाते, हे चौकशीवर, त्यांच्या हातात नाही. माझी नोंदणी रद्द होणार हे जवळपास नक्की. पाहुण्यावर पहिल्यापासून काम करायचं असेल तर त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंना मी विचारू शकते. मी उठले तेव्हा ते म्हणाले, ती काडी इथे आणून दे. मी आणून दिली.

खाली येऊन मी अक्काला फोन लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, खरोखरच्या, घरातल्या कुकरची. मी म्हणाले की मी सरांना सगळं सांगितलं, आणि तुझी पदवी बहुतेक जाईल. ती म्हणाली की बरं केलंस, अहवाल पाठवल्यापासून रोज याच फोनची वाट बघत होते, नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय. मुलीला मात्र अजून सांगितलेलं नाही.

मला रडू येत होतं. मी विचारलं, मग सगळं माहीत असताना नावाआधी डॉक्टर कशाला लिहिलंस?

"तीन वर्षांत मी तो शब्द कुठेच लावला नाही," अक्का म्हणाली. "दारावरच्या पाटीवर नाही, कशावर नाही. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी खऱ्या कागदावर लिहून घ्यावा."